हॉलिस जिवंत आहे. परीक्षेचं सांगता येत नाही

ती. युडोरा मावशीस,

कोल्टर क्रीकहून व्हर्लीनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? ॲबिलीनला लेकीच्या घरचा जिना चढायला लागलीस का, की अजून खालच्या खोलीतूनच सगळ्यांवर हुकूमत चालवतेस? जावई बरे ना? इकडे उन्हाने तळ्याचा तळ दिसायला लागलाय, पण आम्ही सगळे सुखरूप आहोत. सगळे म्हणजे सगळे, मावशी. हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस माझा नवरा हॉलिसच आहे. आधी त्याला हात लावून बघ, मग खाली बस, मग पुढचं वाच. (तू पाठवलेलं पुष्पचक्र पोचलं. हॉलिसला फार आवडलं. ट्रकच्या तोंडाला बांधतो म्हणत होता, मीच नको म्हटलं.)

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि हे प्रकरण दुसऱ्या वाक्याच्या पुढे बरंच आहे. गेल्या थंडीत हॉलिसच्या छातीत कळ आली ते तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की त्या दिवशी मी त्याच्या पलंगापासून हातभर अंतरावर नुसती उभी होते. नर्स नवीन होती, तिला शीर सापडत नव्हती. मला दिसत होती. इतकी वर्षं मी त्याच वॉर्डात लोकांची अंगं पुसते, चादरी बदलते, मला शीर दिसणार नाही तर काय? पण माझ्या बिल्ल्यावर ‘मदतनीस’ लिहिलंय, आणि मदतनिसाने सुईला हात लावायचा नसतो. हॉलिस माझ्याकडे बघत होता आणि मी हाताची घडी घालून उभी होते. मावशी, तसं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, चोपन्न वर्षांची झाले तर झाले, आपण नर्स व्हायचं.

त्यासाठी लागणारे बाकीचे विषय मी एकेक करून कधीच हातावेगळे केले होते. एकच उरला होता : देशाचा राज्यकारभार. (आपल्या टेक्सासात माणसाला सलाईन लावायला शिकायचं असलं, तरी आधी सिनेटमध्ये किती जण बसतात ते सांगावं लागतं. सलाईन घेणाऱ्याने कधी विचारल्याचं ऐकिवात नाही.) तो पास झाले, तर ऑगस्टमध्ये नर्सिंगच्या वर्गात माझी जागा पक्की. नाही झाले, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, आणि मग पुन्हा माझा नंबर लागेपर्यंत मला स्वतःलाच नर्स लागेल. म्हणून कॉम्प्युटरवरून घरबसल्या शिकवणारं एक कॉलेज धरलं आणि हॉलिसखेरीज कोणाला सांगितलं नाही. अगदी तुलाही नाही. रागावू नकोस. आपल्या गावात पास झालेली बातमी चर्चच्या पत्रकात छापून येते, आणि नापास झालेली त्याच्याही आधी पोचते.

वर्ग म्हणावा तर वर्ग नाही. डॉ. प्रुइट नावाच्या बाई शिकवतात, पण त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. त्या लेखी बोलतात. दर आठवड्याला त्या एक प्रश्न टाकणार, त्यावर आपण आपलं मत मांडायचं आणि शिवाय दोन सहाध्यायांच्या मताला उत्तर द्यायचं, नाहीतर गुण कापले. सहाध्यायी सगळे एकोणीस वर्षांचे. राष्ट्राध्यक्षाच्या नकाराधिकारावर मी पानभर लिहावं, तर खाली दोघांचं उत्तर : ‘छान मुद्दा!’ पण विषय मला आवडला, मावशी. तीन सत्ता, एकमेकींच्या मानेवर बसलेल्या, कोणालाच मोकळं रान नाही. आमच्या घरात अगदी तसंच आहे. हॉलिस कारभार करतो, पैशाची पिशवी माझ्याकडे म्हणून मी काँग्रेस, आणि कुत्रा सर्वोच्च न्यायालय : नेमणूक तहहयात, बोलतो क्वचित, आणि एकदा सोफ्यावर बसला की उठवायची कोणाची छाती नाही.

शेवटची परीक्षाही घरूनच, पण पहाऱ्यात. कॉम्प्युटरच्या डोळ्यातून कुठल्या तरी दूरच्या शहरात बसलेली एक बाई (नाव मिस रेनी, आवाज बर्फासारखा) आपल्याकडे टक लावून बघत असते. आधी कॅमेरा फिरवून तिला सगळी खोली दाखवायची, अगदी टेबलाखालूनसुद्धा. (घटनेतली चौथी दुरुस्ती सांगते की वॉरंटशिवाय झडती नाही. पण तिथे ‘मान्य’ वर बोट मीच दाबलं होतं.) मग नियम. खोलीत एकटं बसायचं. फोन बंद. नजर स्क्रीनवर. तोंडातून शब्द नाही. दोन ताकिदी मिळतात, तिसऱ्यांदा काही घडलं की परीक्षा जागच्या जागी बंद आणि गुण शून्य.

आता तू म्हणशील, मग अडचण काय? अडचण आपलं गाव. इथे मागच्या दाराला कडी घालणारा माणूस एक तर चोर असतो नाहीतर नव्याने राहायला आलेला. दारावर टकटक करतो तो फक्त विमा विकणारा. तेव्हा मी पक्का बंदोबस्त केला. इस्पितळात घरचं निकडीचं काम सांगून रजा घेतली. हॉलिसला सकाळीच तळ्यावर मासे धरायला पिटाळलं. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून पुढचे पडदे ओढले. फोन बंद करून गाडीत ठेवला. आणि मागच्या दारावर चिठ्ठी चिकटवली : ‘आज कृपया आत येऊ नका. घरात शांतता हवी आहे. समजून घ्या. व्हर्लीन.’

मावशी, तू आता डोळे मिटून घेतले असशील. कामाच्या दिवशी गाडी दारात, भरदिवसा पडदे ओढलेले, फोन बंद, आणि दारावर ‘समजून घ्या’. आपल्याकडे अशी चिठ्ठी कधी लागते, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्याच ध्यानात आलं नाही, कारण माझं सगळं ध्यान सिनेटमध्ये होतं.

पहिली ताकीद मी माझ्या हाताने ओढवली. काँग्रेसचे अधिकार मी रविवारच्या शाळेतल्या वचनांसारखे पाठ केले होते, ते आपोआप ओठांवर आले. “मॅडम, आपले ओठ हलताहेत. ही पहिली ताकीद.” मग पर्यायांचे प्रश्न धडाधड सोडवले आणि निबंधाला आले. पन्नास गुणांचा निबंध : विधेयकाचा कायदा कसा होतो. यापेक्षा सोपं काय मागावं? पहिला परिच्छेद संपतोय, तोच मागचं दार वाजलं. टकटक नव्हे, नुसतं उघडलं.

शेजारची बर्निस. एका हातात भाजलेल्या कोंबडी-भाताचं भांडं, दुसऱ्यात रुमाल. भांडं माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं आणि मागून मला अशी मिठी मारली की माझा चष्मा कळफलकावर पडला. “अगं माझे बाई! आम्हाला एक हाक मारायची होतीस गं!” मी मान हलवली. बोलायची बंदी, वळायची बंदी, डोळे स्क्रीनवर. तिला वाटलं, बिचारीची वाचाच बसली. “रड गं, रड. आत कोंडून ठेवू नकोस.” आणि पलीकडून बर्फाचा आवाज : “मॅडम, खोलीत दुसरी व्यक्ती आहे. ही दुसरी ताकीद.” बर्निसने स्क्रीनकडे पाहून आदराने मान झुकवली. तिला ती शवगृहातली बाई वाटली.

माझ्या डोळ्यांतून खरोखरच पाणी आलं. मी एका हाताने तिला दाराकडे ढकललं, आणि देवाची कृपा, ती गेली. पण स्वयंपाकघरात जाऊन दाराशी राखणीला बसली. (“कोणी आत जाऊ नका, तिला तिच्या दुःखात राहू द्या,” असं ती प्रत्येकाला सांगत होती. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढे उपकार कोणी केले नसतील.) प्रत्येकाला म्हणजे, मावशी, सगळ्या गावाला. बाहेर गाड्या थांबत होत्या, मागचं दार उघडत होतं, मिटत होतं, काचेची भांडी ओट्यावर ठेवल्याचे आवाज येत होते. भिंतीपलीकडे आपल्या चर्चच्या ब्रदर क्लेटसनी धीरगंभीर आवाजात समित्या नेमल्या : एक जेवणाची, एक गाण्यांची, एक खुर्च्यांची. गाण्यांच्या समितीत लगेच दोन तट. मी इकडे लिहितेय की विधेयक आधी समितीकडे जातं आणि बहुतेक वेळा तिथेच मरतं, आणि तिकडे माझ्या जिवंत नवऱ्याचा अंत्यविधी समितीतून एकमताने पुढे सरकतोय! भीती मरणाची नव्हती, दाराची होती. ते एकदा उघडलं की ऑगस्ट गेला.

तरी मी लिहीत राहिले. प्रतिनिधिगृह झालं, सिनेट झालं, दोघांचा मेळ झाला, विधेयक राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर ठेवलं. शेवटचं एक वाक्य बाकी होतं. तेवढ्यात मागचं दार पुन्हा उघडलं आणि हॉलिसचा आवाज आला, “एवढं जेवण? कोण गेलं?”

त्यानंतर जी किंकाळी उठली ती मिस रेनीने तिच्या शहरात कॉम्प्युटरशिवायही ऐकली असेल. बर्निस, ब्रदर क्लेटस, तिन्ही समित्या आणि मध्ये मासे धरलेला हॉलिस, सगळे एकदम माझ्या खोलीत. कुत्रा सोफ्यावरून उठला, यावरून कल्पना कर. “मॅडम, मी ही परीक्षा थांबवत आहे.” स्क्रीन काळी. राष्ट्राध्यक्षाने सही केली की नाही, ते कोणालाच कळलं नाही. लोक हॉलिसला मिठ्या मारत होते, हसत होते, खात होते, आणि मी त्या काळ्या स्क्रीनपुढे रडत बसले. मग बर्निसने विचारलं, “मग गं, रडतेस कशाला?” तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कोणी हसलं नाही, मावशी. ब्रदर क्लेटस तर हातातली बशी ठेवून खालीच बसले.

डॉ. प्रुइटांनी कळवलंय की सोमवारी दहा वाजता कॉम्प्युटरवरच सुनावणी होईल. माणसं कॉपी पुरवायला नव्हे, तर मी विधवा झाले या समजुतीने आली होती, हे ती समजूत सुरू करणाऱ्या व्यक्तीने स्वतः सांगावं. ऐकीव साक्ष चालणार नाही. आता कोण सांगणार? बर्निस म्हणते, मी दारावरची चिठ्ठी फोनवर फक्त वाचून दाखवली. ब्रदर क्लेटस म्हणतात, मला फोन आला. फोन करणारी म्हणते, मला तिचा आला, ती म्हणते, मला हिचा. कोणावर संकट आलं की प्रार्थनेसाठी एकीने दुसरीला फोन करायचा, ती आपल्या चर्चची सगळी प्रार्थना-साखळी कडीकडीने मागे जाते. तू या साखळीची प्रमुख आहेस, तेव्हा ती कुठे जाऊन थांबते हे मी तुला सांगायला नको.

बाकी तब्येतीला जप. गुडघ्यांना शेक देत जा. लेकीला आणि जावयांना माझी आठवण सांग.

तुझी लाडकी (अजून असले तर) भाची,
व्हर्लीन

ता.क. : सोमवारी तू कॅमेऱ्यासमोर बसून एवढंच म्हणायचं आहेस : ‘व्हर्लीनने फोन उचलला नाही म्हणून मी बर्निसला बघायला पाठवलं, आणि हॉलिस गेला असं मीच ठरवून टाकलं. माझी चूक झाली.’ शेवटचे तीन शब्द तुला नवीन आहेत, म्हणून हॉलिस रविवारपासून तिथे राहून तुझ्याकडून म्हणवून घेईल. कॉम्प्युटरही तोच लावून देईल.

ता.क. २ : तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पुन्हा कधी हॉलिसच्या छातीत कळ आली, तर मी पुन्हा हाताची घडी घालून उभी राहीन, इतकंच.

ता.क. ३ : हे पाकीट बंद करण्याआधी एक कबूल करते. आज सकाळी मी स्वतः साखळीतल्या पहिल्या बाईला फोन करून सांगितलं, की सोमवारी दहा वाजता युडोरा मावशी सगळ्यांसमोर आपली चूक मान्य करणार आहे. मघाशी बर्निस आली होती. तिच्यापर्यंत पोचेतो ते ‘मावशी साखळी सोडतेय, बहुतेक गुडघ्याचं काही तरी भयंकर निघालंय’ असं झालं होतं. तेव्हा सोमवारी सकाळी आपलं सगळं गाव ॲबिलीनला तुझ्याकडे निघालं आहे, जेवण घेऊन. सुनावणी संपेपर्यंत मागच्या दाराला कडी घाल. आणि भांडी धुऊन परत पाठव, प्रत्येकाच्या बुडाला पट्टीवर नाव आहे.