ठकूला थोडे दिवस ठेवून घे

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी माया गृहीत धरून मागते. ठकूला थोडे दिवस ठेवून घे.

दोन महिने मी छापखान्यात गेले नाही. तपासायच्या प्रुफांचा गठ्ठा टेबलावर तसाच आहे. सकाळी डोळे उघडतात, अंग उठत नाही. आठ वर्षांची पोर स्वतःच वाकडीतिकडी वेणी घालते आणि शेजारणीला सांगते, आईला ताप आहे. परवा शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून निजली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, जड झालंय. ताई, हे माझे शब्द. माझ्याही आधी आपल्या आईचे.

माझं तिला लागायच्या आत ने. भावजींना म्हणावं, घोरणं ऐकायला नवीन श्रोता येतोय.

तुझ्या भरवशावर असलेली,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ठकू रुळली असं लिहिणार होते. तुझ्या भावजींच्या घोरण्याची अशी नक्कल करते की आम्ही पोट धरून हसतो. पण मी जरा गप्प बसले की जवळ येऊन विचारते, मावशी, मी काही केलं का? काल शाळेत मी शिकवते त्याच वर्गात बाकावर डोकं टेकून बसली, तास संपला तरी उठेना.

डॉक्टरांकडे नेलं. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, त्यांनी विचारलं. तुझं सांगितलं, आईचंही. इतकी वर्षं आपण त्याला अशक्तपणा म्हणत आलो. ते म्हणाले, थोडं रक्तातून येतं, थोडं घरातून; वेगळं काढून दाखवता येत नाही. उपचार दोघींनाही हवेत, पण पोरीला लांब ठेवणं हा उपाय नव्हे.

मग आठवलं. आईनंही तुला असंच मामाकडे धाडलं होतं. तुझी पिशवी मीच भरली होती. परत आलीस ती महिनाभर बोलली नाहीस. तू इकडेच ये गं.

वाटेकडे डोळे लावून,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनदा निघाले. दोन्ही वेळा चपला घालून दाराशी बसले, ती संध्याकाळपर्यंत. आता तूच न्यायला येशील, माहीत आहे.

पण ठकूचं पत्र आलंय. विचारते, आई, मी इकडे आल्यापासून तुला बरं वाटतं का? वाटत असेल तर मी इथेच राहीन, रडणार नाही.

तिला काय लिहू? बरं नाही म्हटलं, तर तिला वाटेल आपण जाऊनही उपयोग झाला नाही. बरं आहे म्हटलं, तर ती परत यायचीच नाही.

मी आले नाही म्हणून राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी