तोफेला न दचकणारं बाळ

अण्णा, तुमच्या पणतूला ऐकू येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला पाल्हाळ खपायचं नाही आणि मला पाल्हाळाशिवाय जमत नाही. आधी सांगितलं नाही तर मी हवापाण्यातच घोळत बसेन. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. बाकी मुलगा गोंडस आहे, हनुवटी थेट तुमची. घरात हे सगळ्यांत आधी ज्या बाईच्या ध्यानात यायला हवं होतं ती मी. मी ते कुणाच्या ध्यानात येऊ दिलं नाही, आणि वर त्याचा अभिमान मिरवला.

आम्ही अजून कॅम्पातच राहतो. रेंजवर तोफांचं फायरिंग सुरू झालं की अजूनही तावदानं थरथरतात, मांडणीतल्या वाट्या किणकिणतात आणि बाहेरगावचा पाहुणा आलेला असला तर त्याचा चहा बशीत सांडतो. आम्ही त्याला हसतो. हे हसणं तुमच्याकडून आलं. तुम्ही एकदा आम्हाला तोफा दाखवायला नेलं होतं, सगळ्या जवानांची बायकापोरं होती तिथे. पहिला बार झाला आणि मी कानांवर हात दाबून मटकन खाली बसले. तुम्ही मला दंडाला धरून उभं केलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "तोफखान्याची पोर आणि दचकते? लाज नाही वाटत?" तुमचे सोबती हसले. दुसऱ्या बाराला मी हलले नाही. दात इतके आवळले होते की घरी येईपर्यंत जबडा दुखत होता. संध्याकाळी तुम्ही बाजारातून जिलबी आणलीत, पुडा माझ्या हातात दिलात आणि आईला म्हणालात, "दुसऱ्याला नाही हलली हं." तेव्हापासून आपल्या घरात न दचकणं हा खरं बोलण्याच्या बरोबरीचा गुण झाला. मी तो माझ्या मुलांना शिकवला, आणि नातवात तर तो मला आयताच सापडला.

सुनेला आई नाही. निफाडला माहेर आहे, तिथे वडील आणि भाऊ, दोघंही द्राक्षबागेत गुंतलेले. तेव्हा बाळंतपण मी केलं आणि चारचौघांत त्याचं कौतुकही करून घेतलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, धुरी, सगळं यथासांग. दवाखान्यातून घरी सोडताना त्यांनी सांगितलं होतं, कान तपासायचं मशीन आज बंद आहे, पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन या. सुनेने आठवण करून दिली, "आई, जाऊन येऊ या का?" मी म्हटलं, "सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि एवढ्याशा कानात कसल्या नळ्या घालायच्या?" सव्वा महिना झाल्यावर तिने पुन्हा विचारलं. तेव्हा म्हटलं, आता गरज काय आहे? ती दुपट्यांच्या घड्या घालायला लागली. तिची आई असती तर तिच्याकडे कुरकुर तरी केली असती.

मग बारसं झालं. पाळण्याशी वाकून माझ्या लेकीने, म्हणजे त्याच्या आत्याने, कानात "कुर्रर्र" केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. या गोंधळात कुठलंही पोर दचकतं, भोकाड पसरतं, तशी रीतच आहे म्हणा ना. हा डोळे उघडे ठेवून पाळण्यावरच्या रंगीत चिमण्या बघत राहिला. आणि नेमक्या त्याच वेळी रेंजवर बार झाला. पाहुण्या बायका "अगंबाई!" करून उडाल्या, हा ढिम्म. न्हाऊ घालायला येणारी मावशी म्हणाली, "लय धीराचं पोरगं हाय, आंघोळीला पातेलं पडलं तरी हलत नाय!" आणि मी, अण्णा, हातात घुगऱ्यांची ताटली घेऊन, नाक वर करून म्हणाले, "तोफखान्याचं रक्त आहे!" सगळ्या हसल्या. सून नाही हसली.

तिला आधीच शंका आली होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की ती कणीक मळता मळता पाळण्याकडे बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "आई, हा दचकत नाही हो." मी म्हटलं, "पोटात असल्यापासून तोफा ऐकतोय, त्याला शिट्टीचं काय?" तिने पुन्हा तेच म्हटल्यावर मी चिडले. म्हणाले, "म्हणजे तुला भित्रं पोर हवंय का?" ती आत निघून गेली. मी, जिने सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली, फळ्यावर मणक्याचं चित्र काढून पोरांना प्रतिक्षिप्त क्रिया समजावली, की बाबांनो, ही धिटाई-भित्रेपणाची गोष्ट नाही, यात मनाचं काही चालत नाही, शरीर आपणहून करतं! पण आपला तो बाळ्या म्हटलं की कुठलं विज्ञान आणि कुठलं काय.

आणि विज्ञान राहू दे, मी तुमच्या घरात वाढले होते. तोफांनी तुमचे कान गेले हे घरात कुणी उच्चारत नसे. आई "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणायची आणि तुमच्याशी बोलताना तोंड जरा मोठं उघडायची. तुम्ही आमच्या ओठांकडे बघत बसायचात आणि भलत्याच ठिकाणी "हो, हो" म्हणायचात. बाळही तसंच माझ्या तोंडाकडे बघत राही. एका बहिऱ्या माणसाच्या मांडीवर वाढलेली मी शेजारणींना सांगत फिरले, "कसा टक लावून बघतो बघा, हुशार होणार."

लशीच्या वेळी गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि डोक्याखालचा हात किंचित खाली नेला. त्याचे हात फटकन उघडले, बोटं पसरली, मग काहीतरी कवटाळायला जावं तसे दोन्ही हात छातीशी आले आणि तो रडला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की हा दचकला, आता लोकांना काय सांगू. लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय. डॉक्टरीणबाई मात्र खूश. म्हणाल्या, "असंच हवं. तान्ह्या बाळाने दचकायलाच हवं. एकच हात उघडला असता तर जन्माच्या वेळी खांद्याला दुखापत झाली का ते बघितलं असतं, एकही उघडला नसता तर मेंदूची काळजी वाटली असती. थोड्या महिन्यांनी हे आपोआप जातं." मग त्यांनी विचारलं, "घरी आवाजाला दचकतो ना?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी तोफांचं सुरू केलं, पोटातल्या सवयीचं वगैरे. मी बोलत असतानाच बाईंनी त्याच्या डोक्यामागे घंटा वाजवली. सून दचकली, मी दचकले, तो बाईंच्या गळ्यातल्या नळीशी खेळत राहिला. "मावशी," त्या म्हणाल्या, "सवयीने एखादं बाळ झोपेत दुर्लक्ष करेलही. पण ते ओळखायचं काम मशीनचं, आपलं नाही. जन्मल्यावर कान तपासले होते का?" माझा मुलगाही सोबत आला होता, तो माझ्याकडे बघायला लागला, कारण तपासणीला न जायचं कुणी ठरवलं ते त्याला माहीत होतं. सून बाळाला झबलं घालत होती.

नंतर त्याला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून मोठी तपासणी झाली. आता कानांमागे छोटी यंत्रं बसवली आहेत, ती तो ओढून काढतो आणि तोंडात घालतो. पुढे ऑपरेशन करायचं का ते बघणार आहेत. वेळ हातची गेलेली नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण जे महिने गेले ते भरून काढायला मेहनत पडेल. ती मेहनत सून करते. त्याला समोर धरून दिवसभर बोलते, वाटी म्हणजे वाटी, चमचा म्हणजे चमचा. मी स्वयंपाक करते आणि ऐकते. तोफा वाजल्या की आता मला कुणाला हसावंसं वाटत नाही.

खरं सांगते, हे सगळं तुमच्या माथी मारायचं म्हणूनच लिहायला बसले होते. तुम्ही त्या दिवशी दंडाला धरून उभं केलं नसतंत तर, वगैरे. पण तुम्ही एका पोरीला चारचौघांत लाज वाटायला लावलीत आणि संध्याकाळी जिलबी आणलीत. बाळाला तपासणीला नेऊ नकोस असं तुम्ही तिला नाही सांगितलंत.

परवा धाकटीचा फोन आला होता, तुमच्या लाडक्या लेकीचा. सुनेने स्पीकर लावला होता. धाकटीने विचारलं, "अगं, इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" सुनेने बाळाच्या तोंडातलं यंत्र काढून पदराला पुसलं. मग म्हणाली, "माझ्याच लक्षात नाही आलं, मावशी. पहिलंच बाळ ना." मी समोर मेथी निवडत बसले होते. मी मान वर केली नाही. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आई, मेथीत डाळ घालू का?" मी म्हटलं, "घाल."

तुम्ही राहिला नाहीत, हे पत्र कुठे जायचं नाही, ते मलाही कळतं. लिहायला हवं होतं ते तिला, आणि ती पलीकडच्या खोलीत आहे, त्याच्याशी बोलतेय, मला इथवर ऐकू येतंय. उठून जाणं होत नाही. तिने भांडण केलं तर मी सोसेन, अण्णा. पण ती नुसतं "असू द्या आई" म्हणेल.