दादाच्या घराला दारं नव्हती

दादा,

तुझं घर बांधताना मी आत एकही दार ठेवलं नाही. सगळीकडे काच आणि उजेड. लोकांनी वास्तुविशारद म्हणून माझं कौतुक केलं. तू मात्र तीन महिन्यांत कपड्यांच्या कपाटात जाऊन बसायला लागलास. वहिनीने रडत फोन केला.

मी तुझ्या मनोविश्लेषकांना भेटले. त्यांनी विचारलं, "हे घर नक्की कुणासाठी बांधलंत?"

"दादासाठीच! बाबा त्याला अडगळीच्या खोलीत कोंडायचे. बंद जागेची धास्ती आहे त्याला."

ते हळूच म्हणाले, "कोंडायचे नाहीत. आतून कडी तुमचे दादा स्वतःच लावायचे. तेवढीच एक जागा त्यांना सुरक्षित वाटायची."

मग मला सगळंच आठवलं. तू आत असायचास आणि बाहेर बाबांच्या तावडीत मी. मी दारावर धडका द्यायचे, "दादा, उघड ना!" तू कधीच उघडलं नाहीस. बंद दाराची धास्ती माझी होती. ती मी तुझ्या माथी मारली आणि वर घरही तसंच बांधलं.

गेल्या महिन्यात मी सुतार बोलावून तुला एक खोली करून दिली. छोटी, बिनखिडकीची, भक्कम दाराची. वहिनी म्हणते, आता तुला शांत झोप लागते.

बरं वाटलं. तूही लहानच होतास, हे मला कळतं. तरी मी तुला माफ केलेलं नाही. तुला हे कळू नये, म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवते आहे.

तुझी धाकटी