माश्या गेल्या, गिऱ्हाइकंही गेली

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढंच गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला, की अजून घर डोक्यावर घेतात? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तू पाठवलेली तेलाची पेटी पोचली. गवती चहा, निलगिरी, पुदिना, लवंग, सगळ्या बाटल्या धड आहेत. आमच्या खानावळीला खेटून ती मासळीवाली बसायला लागल्यापासून इथे काय चाललंय ते तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाईक एका हातानं जेवतं आणि दुसऱ्या हातानं माश्या वारतं. (रोज जेवायला येणाऱ्या मास्तरांसारखा शांत माणूस, पण मागे एकदा माशी मारायला हात उचलला आणि शेजारच्या ट्रकवाल्याच्या कानाखाली वाजली. दोघंही परत आले नाहीत.) त्यामुळे तुझी पेटी म्हणजे देवच पावला, असं मला वाटलं. चिठ्ठीही नीट वाचली. बादलीभर पाण्यात चार थेंब टाकून टेबलं पुसायची, कापसाचे बोळे भिजवून खिडकीत ठेवायचे, अन्नाजवळ न्यायचं नाही. सगळं समजलं. पण बाटली उघडून नाकाला लावतो तर काय, वासच नाही! दुसरी उघडली, तीही तशीच. म्हटलं, झालं, त्या तेलवाल्यानं माझ्या भोळ्या बहिणीला रंगीत पाणी विकलं. मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुला लिहून वाईट कशाला वाटू द्यायचं, म्हणून गप्प बसलो.

आता तेल पातळ आहे तर ते जास्त घालावं, हा साधा विचार. तुझी भावजय तेव्हा तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली होती, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं. बादलीत आधी अर्धी बाटली ओतली, मग उरलेली अर्धी. टेबलं पुसली, बाकं पुसली, हातासरशी दरवाजाही पुसला. बोळे तर खिडकीत ठेवून काय उपयोग, माश्या येतात त्या पातेल्यांवर, म्हणून ते पातेल्यांवरच्या जाळीच्या झाकणांनाच बांधले. (हो, अन्नाजवळ नको म्हणाली होतीस. पण ज्याला वासच नाही ते अन्नाचं काय वाकडं करणार?) खालून रश्श्याची वाफ, वर बोळे. थेंब थेंब रश्श्यात गळत राहिले आणि मी आपला पळी घेऊन ढवळत राहिलो. चव पाहिली. उकळता रस्सा, पण जिभेला जरा गार लागला. म्हटलं, आपल्यालाच ताप-बीप असेल.

माश्या मात्र खरंच गेल्या, ताई! औषधालासुद्धा एक उरली नाही. पण गिऱ्हाईकही उंबऱ्यापर्यंत यायचं, डोळे पुसायचं आणि मागे फिरायचं. शेजारचा न्हावी अर्धी दाढी केलेलं माणूस खुर्चीत टाकून धावत आला, घरात कुणी आजारी आहे का विचारायला. एक जण धीर करून जेवायला बसला. पहिल्या घासाला त्याला ठसका लागला, दुसऱ्याला नाक मोकळं झालं, आणि तिसरा घास त्यानं घेतलाच नाही. मी म्हटलं, अहो, कसला वास, काही तरीच काय! तेव्हा न्हाव्यानं एक बोळा सोडून सरळ माझ्या नाकाशी धरला. बाकीचे दोन हात लांब उभे राहून डोळे चोळत होते, आणि मी बोळ्याकडे बघत उभा. न्हाव्यानं बोळा खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

तर ताई, तुझं तेल अस्सल आहे. त्या तेलवाल्याला दिलेल्या शिव्या मी परत घेतो. नाक माझं गेलंय. मध्ये मला ताप आला होता ना, त्यात गेलं. मला वाटलं, जरा मंदावलंय एवढंच, येईल आज, येईल उद्या, म्हणून मी कुणाला बोललो नाही. आजवर एकही पातेलं बिघडलं नव्हतं, म्हणून वाटलं हाताला सवय आहे, निभेल. पण स्वयंपाक्याला वास येत नाही हे बाहेर कळलं, तर कोण जेवायला येईल? मला या हातांशिवाय दुसरं काय येतं? खूप भीती वाटते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरं लिहायचं होतं ते राहिलंच. गुडघ्यांना हवापालट म्हणून महिनाभर ये ना. चुलीपाशी नुसती खुर्ची टाकून बस, करपलं की खाकर. दाजींना कारण सांगू नकोस, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तुझ्या भावजयीला तर मुळीच कळता कामा नये. आईच्या काळजीनं आधीच ती अर्धी झाली आहे.

ता. क. २ – येताना गवती चहाच्या तेलाची आणखी एक बाटली आण. चार थेंबच घालीन.

वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. ह्यांना वास येत नाही हे मला तापातून उठल्या दिवसापासून माहीत आहे. दूध करपून घर धुरानं भरलं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तेव्हापासून पळी हवी, झाकण हवं, असं काहीबाही सांगत मी रोज मध्ये घुसते, वास घेते, आणि ह्यांची पाठ वळली की हवं-नको ते घालते. दोन दिवस माहेरी काय गेले, हा घोळ झाला. तुम्ही या, पण मला माहीत आहे हे ह्यांना कळू देऊ नका. आणि आल्यावर पहिला घास कसाही लागला तरी मोठ्यानं म्हणा, चव तीच आहे रे. तेलाचा घोळ झाला त्या दिवसापासून हे स्वतःच्या हातचं जेवलेले नाहीत.