नवा माणूस पुढं

प्रिय आत्या,

आज तुझं वर्षश्राद्ध. नैवेद्य दाखवून झाला, पानं उठली, तरी माझं पान तसंच राहिलं. स्वयंपाकाचा दोष नाही. सकाळी तुझ्या योगवर्गात जे बघितलं त्याची किळस उतरत नाहीये, म्हणून तुलाच लिहायला बसले.

पुंडलिकनगरातला तो हॉल तू आता ओळखणार नाहीस. भिंतभर आरसे लावलेत. तुझ्या फोटोला चंदनाचा हार, आणि बरोबर फोटोखाली भलामोठा स्पीकर! तुला आदरांजली म्हणून सूर्यनमस्कार ठेवले होते, गाण्याच्या ठेक्यावर. ठेक्यावर, आत्या! श्वास आधी, हात नंतर, हे सांगून सांगून तुझा घसा बसायचा. आम्हाला तू साधी टाळीसुद्धा वाजवू द्यायची नाहीस.

आणि तुझी ती रीत? नवा माणूस सगळ्यात पुढं, जुने मागं. पुढच्याचा श्वास जितका लांब, तितकीच सगळ्यांची चाल. किती चिडायचे मी! इतकी वर्षं घाम गाळल्यावर कुणा नवखीसाठी मुंगीच्या पावलानं का चालायचं? तू शांतपणे म्हणायचीस, "जुन्याला थांबता येत नसंल, तर तो शिकला काय?"

स्वप्नीलनं आता ओळी उलट्या केल्यात. तोच गं, जिना चढला तरी धापा टाकायचा, ज्याच्यासाठी तू आम्हा सगळ्यांना महिनाभर हळू चालवलंस. पुढं त्याची 'ॲडव्हान्स' मंडळी, व्हिडिओ घेणाऱ्या मोबाईलसमोर. मागं चपलांच्या रॅकपाशी 'बिगिनर'. तिथं सुरेखा होती, वाळूजला कंपनीत जाते, नुकतीच यायला लागलीय. ठेका गाठायचा म्हणून बिचारी श्वास कोंडून वाकत होती. मध्येच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली.

स्वप्नीलनं गाणं बंद केलं नाही. माईकवरून म्हणाला, "बिगिनर लोकांनी बसून बघितलं तरी चालंल." आणि तुझ्या हाताखाली तयार झालेली जुनी माणसं आरशात स्वतःला बघत वाकतच राहिली. एकानंही मान वळवली नाही. शी! त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका हॉलमध्ये श्वास घेतला, याचीच शिसारी आली मला.

मी चटई गुंडाळली आणि सुरेखाजवळ जाऊन बसले. पाणी पिऊन ती म्हणाली, "ताई, श्वासच घावंना बघा. मला नाय जमायचं हे. उद्यापासून नाय येत मी."

तुझ्यावरही रागच आहे माझा. जाताना हॉलची चावी त्याच्याच हातात का दिलीस? त्याचं अंग छान वळतं, एवढंच बघितलंस? की धापा टाकत आलेला माणूस आपली धाप विसरणार नाही असं वाटलं तुला? भोळी होतीस तू.

तर ऐक. त्या हॉलची पायरी मी पुन्हा चढणार नाही. उद्यापासून चटया आपल्या गच्चीवर पडतील. सुरेखाकडून मी जिन्यातच कबूल करून घेतलंय. ती पुढं, मी मागं. तिचा श्वास संपेल तिथं माझे हात थांबतील. उद्या स्वप्नील आला, तर त्यालाही हाकलणार नाही. त्याला सुरेखाच्याही पुढं उभं करीन. आता तोच सगळ्यात नवा आहे.

तुझी मागच्या ओळीतली भाची,
मंदा