म्होरक्या कोणी व्हायचं

आबा,

गारखेड्यातल्या घराच्या गच्चीवर बसून लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा इथं उघडा माळ होता आणि आपली मेंढरं याच अंगानं पैठणकडं उतरायची. मी खासदार झालेली तुम्ही पाहिली नाहीत. पण दिल्लीत मी जे जमवलं, ते तुम्हाला दोन वाक्यांत कळलं असतं. इथल्या शिकलेल्यांना मला तासभर समजावून सांगावं लागतं.

पोलीस ॲक्शननंतरचं एखादं साल असेल. गोदाकाठच्या एका पाटलाच्या बांधावर तुम्ही उभे आहात आणि मी तुमच्या मागं. मेंढरं रात्री शेतात बसवायची, खत शेताला आणि ज्वारी आपल्याला, असा रिवाज. पाटील कळपाकडं बघतो आणि म्हणतो, "एवढ्याशा मेंढरांनी माझं एक वावर बी व्हायचं नाय. मोठा वाडा घेऊन या, मग बोलू." चार घरांचे कळप एकत्र चालले की आपण त्याला वाडा म्हणायचो. तुम्ही आणखी तीन घरं गाठलीत. एकत्र यायला सगळे राजी होते, पण पाटलाशी बोलायचं कोणी यावरून जुंपली. ज्याची मेंढरं जास्त तो म्होरक्या, असं ठरत आलं होतं, आणि जास्त तर आपलीच होती. तुम्ही मात्र सगळ्यांत थोडी मेंढरं असलेल्या म्हाताऱ्याला पुढं केलंत. मी फुरंगटून विचारलं, "आपली जास्त असून त्यो का म्होरक्या?" तुम्ही म्हणालात, "वाडा फुटला तर आपुन कसंबी जगू. त्यो नाय जगायचा. म्हनून त्योच वाडा फुटू देनार नाय." तो वाडा सबंध उन्हाळाभर टिकला.

मी निवडून गेले ती मूठभर खासदारांच्या पक्षाकडून. चराईची रानं बंद होत होती, मेंढपाळांना दंड होत होते, आणि लोकसभेत ते बोलायला मला वेळच मिळेना. तिथं बोलण्याचा वेळ संख्येप्रमाणे वाटतात. एकूण खासदारांच्या एक दशांश असाल तर अध्यक्ष तुम्हाला पक्ष म्हणून मान्यता देतात, निदान तीस असाल तर गट म्हणून. मान्यता मिळाली की एकत्र बसायला जागा, कचेरीला खोली आणि चर्चेत हक्काचा वेळ. नाहीतर मागच्या बाकावर हात वर करून बसा, अध्यक्षांची नजर गेली तर गेली. नियम वाचला आणि मला हसू आलं. पाटलाचंच बोलणं होतं ते, फक्त छापलेलं.

मग मीही घरं गाठत फिरले. आमच्यासह तीन लहान पक्ष, काही अपक्ष, जुळवत जुळवत तिशी ओलांडली. नुसती संख्या भरून भागत नाही, विचार आणि कार्यक्रम एक आहे हे अध्यक्षांना पटावं लागतं. तोही आम्ही रात्रंदिवस भांडून ठरवला: कोरडवाहू शेती, पाणी, चराई. आणि सह्यांच्या वेळी गाडं अडलं ते नेता कोण इथंच. दोन पक्ष एकमेकांकडं पाठ करून बसले. तिसरा आमचा. काहीजण म्हणाले, "बाई, तुम्हीच व्हा, तुम्हीच सगळ्यांना आणलंत." मी एका अपक्षाचं नाव सुचवलं, ज्याच्या मागं पक्ष नव्हता की कोणी माणूस. कारण विचारलं तेव्हा तुमचंच वाक्य सांगितलं, तुमच्याच बोलीत. आधी हसले, मग सह्या झाल्या. मान्यता आली. त्या अपक्षानं गटाचा पहिला वेळ मला दिला आणि मी चराईवर बोलले, न अडखळता, शेवटपर्यंत. त्या दिवशी तुमची फार आठवण आली.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं आणि आता वाचून दाखवायलाही कोणी नाही, तेव्हा हा कागद कुठंच जाणार नाही. म्हणून खरं लिहिते. त्या दिवशी नेता मला व्हायचं होतं, आबा. लई व्हायचं होतं. तरी दुसऱ्याचं नाव घेतलं. आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की त्या बांधावर म्हाताऱ्याला पुढं करताना तुम्हालाही म्होरक्या व्हायचं असेल. मी रुसून बसले होते, तुमच्या तोंडाकडं बघितलंच नाही.