एक्केचाळीस पाने आणि मैनाबाईंचे नाव

प्रति,
मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दुर्ग (छत्तीसगढ)

विषय : श्रीमती मैनाबाई ठवरे यांच्या मोबाइलवर झालेल्या करारास त्यांची संमती नव्हती, ही अर्जदाराची कबुली नोंदवून त्यांना मोफत वकील मिळणेबाबत.
संदर्भ : विक्री कंपनीची दि. 2 एप्रिलची ई-मेल नोटीस.

महोदय,

अर्जदार शेषराव बोंद्रे, वय 63, रा. कॅंप-1, भिलाई, हा लज्जित अंतःकरणाने पुढीलप्रमाणे सादर करतो.

1. अर्जदार मॅट्रिक नापास असून कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून गल्लीतील लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्यायोगे लोक अर्जदारास विद्वान समजतात व अर्जदाराने तो समज कधी खोडून काढला नाही.

2. शेजारी मैनाबाई यांच्या मुंगवड्या बावीस वर्षे पार दुर्गच्या मोहन नगरपर्यंत त्यांच्याच नावाने मागितल्या जातात. जानेवारीत एका ऑनलाइन विक्री कंपनीचा करार त्यांच्या मोबाइलवर आला. त्या समयी त्या गल्लीतील चार बायांसह गच्चीवर वड्या टाकीत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, माये हात भरले हायेत, तुमीच दाबा नं." अर्जदाराने ओटीपी टाकला. बोट संमतीच्या चौकोनावर असता त्यांनी विचारले, "पण पुरं वाचलं ना तुमी?" करार एक्केचाळीस पानांचा, इंग्रजीत. अर्जदाराची इंग्रजीत नाव-पत्त्यापलीकडे गती नाही. त्या चार बायांसमक्ष तसे सांगण्याची लाज वाटून अर्जदार उत्तरला, "वाचलं, वहिनी. अक्षर न् अक्षर." आणि दाबले.

3. आता नोटीस आली आहे की, कलम 27 अन्वये वड्यांपुरते "मैनाबाई" हे नाव कंपनीचे झाले असून त्यांनी ते अन्यत्र वापरू नये. सबब खाद्यपदार्थांच्या आनंदमेळाव्यात त्या आपल्या दुकानाच्या नावफलकावर वर्तमानपत्र डकवून बसल्या. गिऱ्हाईक त्यांनाच विचारी, "मैनाबाईचं दुकान कोन्तं?" त्या खाली पाहत. हे अर्जदाराने समोरच्या दुकानाआडून पाहिले.

4. एका वकिलांनी सांगितले की असा करार कागदावरच्याइतकाच बंधनकारक ठरू शकतो. यंत्रास मोबाइल क्रमांक कळतो, बोट कोणाचे ते कळत नाही. तरी निवेदन की, मैनाबाईंनी दाबले असते तर पडदा मुगाच्या वाटणाने माखला असता. तो स्वच्छ होता. अर्जदार आपली उजवी तर्जनी आपण म्हणाल त्या दिवशी कार्यालयात हजर करील.

5. दुसऱ्याचा ओटीपी वापरल्याबद्दल अर्जदारावर कारवाई झाल्यास हरकत नाही. वकील अर्जदारास नको; मैनाबाईंस द्यावा व त्यांचे नाव त्यांस परत मिळवून द्यावे.

6. गेल्या रविवारी त्यांची नात प्रांजली हिने संपूर्ण करार मराठीत सांगत वाचला. तीन तास लागले. कलम 27 आल्यावर मैनाबाई एवढेच म्हणाल्या, "येवढंच वाचाचं होतं, भाऊजी."

7. प्रस्तुत अर्ज मात्र पाठविण्यापूर्वी अर्जदाराने त्यांना दोनदा वाचून दाखविला. परिच्छेद 2 मध्ये "अर्जदाराने फसविले" असे होते. ते त्यांनी खोडावयास लावले. म्हणाल्या, "फसवलं नाई तुमी. लाजले तुमी. तेच लिवा." त्याप्रमाणे लिहिले आहे.

आपल्या आदेशाची वाट पाहणारा अपराधी,
शेषराव बोंद्रे
दि. 21 एप्रिल 2024

सोबत :
1) करार, पाने 41, आता वाचलेला
2) नोटीस व या अर्जाचा हिंदी अनुवाद
3) "ऐकले, कबूल आहे" या ओळीखाली मैनाबाईंनी हात धुऊन स्वतः केलेली सही